दुर्लक्षित ठोके

त्या इमारतीला बारा मजले होते, आणि बाराच्या बारा मजल्यांचा ठाम समज होता की इमारत आपोआप चालते. नळ फिरवला की पाणी, बटण दाबलं की लिफ्ट, उकडायला लागलं की गार हवा. आता जगात आपोआप काय होतं? दूध उतू जातं, तेवढंच! बाकी सगळं कुणीतरी करत असतं. इथे ते करायची तळघरातली चार माणसं, आणि त्या चौघांत सगळ्यात खमकी होती पंपमावशी.

पंपमावशीचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच बसून होतं. बावीस वर्षं ती जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवत आली होती. पंपाची तब्येत कशी आहे हे बघायला तिला कुठलंही मीटर लागत नसे. लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर ती पंपाच्या पाठीला टेकवायची, मुठीला कान लावायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "घसा बसलाय आज ह्याचा. ग्रीस पाहिजे." डॉक्टरसुद्धा इतक्या मायेने कुणाची छाती तपासत नसतील.

तिच्या शेजारच्या खोलीत गारवहिनी. हवा गार करणाऱ्या अवाढव्य यंत्रांची ती राखणदार, त्यामुळे भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची, आणि घरी जाताना तो काढायला विसरली की बसमधले लोक तिच्यापासून चार हात लांब उभे राहायचे. तिच्या पलीकडे फ्यूज. दिवे आणि वीज त्याच्याकडे. चाळिशीचा गडी, पण डोकं क्षणात उडायचं आणि दुसऱ्या क्षणी जागेवर यायचं, म्हणून फ्यूज. आणि बोळाच्या टोकाला लिफ्टकाका. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि हे ते दिवसातून तीनदा सांगायचे.

चारही खोल्यांत यंत्रांचा गोंगाट असा, की शेजारी तोफ उडाली तरी कळू नये. फोनला तळघरात रेंज नाही. मग बोलायचं कसं? तर चारही खोल्यांच्या छताखालून मावशीच्या पंपाचा जाडजूड लोखंडी पाइप गेला होता. त्याच्यावर पान्याने ठोकायचं! एक ठोका म्हणजे "आहेस का?" त्याला उत्तरही एकच ठोका, "आहे." दोन ठोके म्हणजे "पंप लावतेय." हे सगळ्यात महत्त्वाचे, कारण पंप आणि वहिनीचं मोठं यंत्र एकदम सुरू झालं की अख्ख्या इमारतीची वीज जायची. म्हणून दोन ठोके आले की वहिनी आपलं यंत्र दोन मिनिटं थांबवायची, फ्यूज विजेच्या काट्यावर नजर ठेवायचा आणि काका एक लिफ्ट उभी करायचे. तीन ठोके म्हणजे चहा. आणि पाच ठोके, तेही भरभर, म्हणजे "साहेब खाली येतोय, टेबलावरचे पाय काढा!"

त्या दिवशी पाच ठोके वाजलेच नाहीत, कारण साहेब नेहमीच्या लिफ्टने न येता मागच्या जिन्याने आला. चौघं वहिनीच्या खोलीत चहा पीत होती. साहेबाने ना कुणाला दटावलं ना घड्याळ दाखवलं. उलट हसला. लिफ्टकाकांनी कप खाली ठेवला. साहेब हसला की काहीतरी गेलंच समजायचं.

"आता सगळ्या सिस्टिम एकत्र जोडायच्या," साहेब म्हणाला. "पाणी, वीज, लिफ्ट, एसी. सगळं एका स्क्रीनवर. कुठे काय बिघडतंय ते बिघडायच्या आधीच कळणार."

"एका स्क्रीनवर," फ्यूज म्हणाला, "म्हणजे बघायला माणसं किती?"

"ते नंतर ठरेल," साहेब म्हणाला, आणि जिन्याने वर गेला.

पुढचा आठवडा तळघरात कुणी धड हसलं नाही. चौघांच्याही मनात एकच गणित होतं, आणि ते पहिलीतल्या पोरालाही आलं असतं: खोल्या चार, स्क्रीन एक.

मग सोमवारी त्या कंपनीची इंजिनिअर आली, लॅपटॉप छातीशी धरून, आणि मावशीने बघितलं तर कोण? चिमणी!

तळघराला पंपमावशी नुसती हाक मारायला मावशी होती. चिमणीला ती खरीखुरी मावशी. बहीण गेली तेव्हा चिमणी चार वर्षांची होती. तिला मावशीने वाढवलं, शिकवलं. संध्याकाळी कामावरून आली की मावशी घराच्या दारावर एक ठोका मारायची. आतून एक ठोका यायचा, आणि मगच मावशीचा दिवस संपायचा. आता चिमणी कंपनीच्या वसतिगृहावर राहत होती, पण रविवारी येऊन दारावर एक ठोका मारायची तो मारायचीच.

"मावशी, मुद्दाम मागून घेतलं हे काम," चिमणी म्हणाली. "म्हटलं, दुसरं कुणी आलं तर तुमच्या माणसांना त्रास देईल."

"माणसं राहणार ना गं सगळी?"

"राहणार म्हणजे काय! सिस्टिम माणसांच्या मदतीला असते. आमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय."

बस. मावशीने पदर खोचला आणि तिन्ही खोल्यांत फिरून आली. "माझी पोर आहे ती," तिने सांगितलं. "तुमच्या पोटावर पाय देणार नाही. माझा शब्द आहे. तिला सगळं मोकळेपणाने सांगा, हातचं राखू नका."

आणि त्यांनी राखलं नाही! लिफ्टकाकांनी सांगितलं की दोन नंबरची लिफ्ट सातव्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते, आणि ती कशी चुचकारायची. वहिनीने सांगितलं की पाचव्या मजल्यावरचं तापमान मोजणारं यंत्र झेरॉक्सच्या मशिनवर लावलंय, त्यामुळे परीक्षांच्या दिवसांत मशीन तापलं की तिथे खोटा उन्हाळा येतो. फ्यूजने तर वायरींचा सगळा गुंता, जो जगात फक्त त्याच्या डोक्यात होता, तीन दिवस बसून कागदावर काढून दिला, आणि वर चिमणीला म्हणाला, "घे. बायकोलासुद्धा एवढं सांगितलेलं नाही." चिमणी सगळं टिपून घ्यायची. "काका, परत सांगा ना," म्हणायची. आपलं कुणीतरी परत ऐकतंय, ह्याच्यासारखं सुख नाही. वीस-वीस वर्षं वर कुणी विचारलं नव्हतं, ते ह्या पोरीने महिन्याभरात विचारलं.

महिना संपला, सगळीकडे तारा फिरल्या. पंपाला आणि पाइपला छोटी छोटी यंत्रं चिकटली. पंप जरा जरी वाकडा थरथरला तरी ती स्क्रीनला सांगणार, आणि धोका वाटला तर स्क्रीन स्वतःच पंप बंद करणार. "आधी कळणार असेल तर राखीव पंपाची जागा कशाला अडवायची?" असं म्हणत साहेबाने दोन पंपांतला एक काढून नेला. मावशीला ते आवडलं नाही. पण म्हणाली नाही काही. पोरीचं काम होतं.

सिस्टिम सुरू झाली मंगळवारी. साडेदहाला पंप बंद पडला. पुन्हा लावला. एकला बंद पडला. पुन्हा लावला. चारला बंद! आठव्या मजल्यावर कुणीतरी तोंडाला साबण लावून उभं होतं, ते तसंच साहेबाच्या खोलीत आलं म्हणे.

"बेअरिंग गेल्याचा इशारा येतोय," चिमणी रडकुंडीला आली होती. "ठक-ठक-ठक असा धक्का."

मावशीने स्क्रू ड्रायव्हर टेकवला, कान लावला. "नीट आहे गं. गाणं म्हणतोय."

तीन दिवस हेच. साहेब म्हणाला, शुक्रवारपर्यंत सुटलं नाही तर कंपनीला कळवतो, दुसरा इंजिनिअर पाठवा. चिमणी जेवेना. शेवटी फ्यूजच म्हणाला, "अगं, घोडं पेंड कुठे खातंय ते तर बघ! किती वाजता बंद पडतो, ते लिहून काढ." तिने लिहून काढलं. साडेदहा. एक. चार. साडेदहा. एक. चार.

वहिनीने तो कागद बघितला, मग मावशीकडे बघितलं, आणि तोंडावर स्वेटरची बाही धरली.

"काय झालं?" चिमणी म्हणाली.

"अगं माझे बाई," वहिनीला हसू आवरेना, "तो चहा आहे!"

पाइपवर चहाचे तीन ठोके पडत होते आणि स्क्रीनला वाटत होतं पंपाची हाडं मोडली! काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. फ्यूज बोळात जाऊन भिंतीवर डोकं टेकून हसला. चिमणी तर हसता हसता रडली, आणि मावशीने तिचे डोळे पदराने पुसले. ते पाच जण त्या तळघरात एकत्र हसले, ते शेवटचं.

चिमणीने आधी विनवलं, की ठोकू नका. सगळे हो म्हणाले. पण बावीस वर्षांचा हात! पंप लावायचा म्हटलं की मावशीचा पाना आपोआप वर जायचा. (हं, दूध सोडून आपोआप होणारी ही दुसरी गोष्ट.) शेवटी चिमणीने लॅपटॉप उघडला आणि सिस्टिमला शिकवलं: ह्या पाइपवर असे कोरडे, तुटक धक्के आले तर ती माणसं आहेत. सोडून दे. मग स्क्रीनच्या तळाला एक बारीक ओळ आली, रोज शून्यापासून त्या दिवसाचे ठोके मोजणारी. दुर्लक्षित ठोके: १९.

"ठोका आता हवं तेवढं," चिमणी म्हणाली. "तुमच्यासाठी खास केलंय. वर कुणाला सांगू नका हं, माझ्या साहेबांना असलं आवडत नाही."

"शहाणी गं माझी ती," मावशी म्हणाली, आणि पाइपवर तीन ठोके दिले. पंप चालूच राहिला. दुर्लक्षित ठोके: २२.

आणि सिस्टिम चालली की हो! हीच तर मोठी पंचाईत. ती वाईट चालली असती तर गोष्ट निराळी होती. पण पंप लागायच्या आधी ती स्वतःच वहिनीचं यंत्र थांबवायची, लिफ्ट रोखायची, विजेचा काटा सांभाळायची. चौघं जे पान्याने करायची ते ती न बोलता करायची. वहिनी दिवसभर यंत्राकडे बघत बसायची. काकांनी स्वेटर विणायला शिकू का म्हणून वहिनीला विचारलं. फ्यूजचं डोकं उडेना, कारण उडायला काही कारणच मिळेना.

दीड महिन्याने चार पाकिटं आली. फ्यूजचा करार पुढे वाढवलेला नव्हता. वहिनीची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे पोहोचायला दोन बस आणि परतायला तीन. काकांना तीन वर्षं आधीच घरी बसायला सांगितलं होतं. आणि मावशीच्या पाकिटात लिहिलं होतं, नियंत्रण कक्ष, तळमजला. म्हणजे स्क्रीनसमोरची ती एक खुर्ची.

मावशीने पाकीट तिथेच सोडलं आणि थेट चिमणीला गाठलं. चिमणी सामान बांधत होती. तिचं काम संपलं होतं.

"हे काय गं?"

चिमणीने वर बघितलं नाही. "मावशी, ते म्हणाले, एकच माणूस लागेल. नाव तू सुचव, तुला माहीत आहेत सगळे. मी दोन दिवस भांडले. मग म्हणाले, नाव दिलं नाहीस तर चौघांनाही काढू आणि बाहेरचा आणू. मी काय करायचं होतं?"

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू स्वतःचं नाव लिहू दिलं असतंस?"

"नाही," मावशी म्हणाली.

"म्हणूनच नाही विचारलं."

मावशीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि दोन्ही न करता ती तळघरात परत आली. तिथे तिघं आवराआवर करत होती. तिला बघून वहिनीने खोलीचं दार लावून घेतलं. मोठ्याने नाही हं, हळूच. ते जास्त लागलं. काका म्हणाले, "जाऊ दे बाई, रक्ताचं नातं शेवटी," आणि हे ते तिची समजूत काढायला म्हणाले, म्हणून आणखीच वाईट. फ्यूजने पान्यांची पिशवी खांद्यावर टाकली.

"मावशी, एक विचारू? तुमच्या त्या शब्दाची गॅरंटी किती महिन्यांची होती?"

मावशी पंपाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. ती म्हणाली असती की मला माहीत नव्हतं. पण तिला ते स्वतःलाच पटेना. खोल्या चार, स्क्रीन एक. तेवढं गणित तिलाही येत होतं की.

रविवारी दारावर एक ठोका पडला. मावशी चुलीशी उभी होती. ती हलली नाही. थोड्या वेळाने आणखी एक ठोका. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज.

नियंत्रण कक्ष काचेचा होता. गार, स्वच्छ, आणि इतका शांत की मावशीला स्वतःच्या बांगड्यांच्या किणकिणीचा कंटाळा येई. पंपाच्या खोलीला आता कार्डाने उघडणारं कुलूप होतं, आणि ते कार्ड मावशीला दिलेलं नव्हतं. "गरजच काय?" साहेब म्हणाला. "इथून सगळं दिसतं." खरंच दिसत होतं. उंटावरून शेळ्या हाकायची एवढी उत्तम सोय जगात दुसरी नसेल. स्क्रीनवर बारा मजले, बाराही हिरवे, आणि तळाला ती बारीक ओळ. दुर्लक्षित ठोके: ०. महिनाभर शून्य. मग दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मावशीने बघितलं तर आकडा होता ६.

कोण ठोकतंय? तिने खुर्ची मागे सरकवली. पाइप ह्या खोलीच्या मागच्या भिंतीतून वर जात होता. तिने कान लावला.

ठक. मग बराच वेळ काही नाही. ठक.

तिला एका क्षणासाठी वाटलं, परत आली तिघं. किती वेडं असावं माणसाने! मग तिने डोळे मिटून नीट ऐकलं आणि तिला कळलं. पंप होता तो. बेअरिंग चाललं होतं. आता खरोखरचं.

"साहेब, बेअरिंग गेलंय. तीन आठवडे, फार तर चार."

साहेबाने स्क्रीनकडे बघितलं. "हिरवं आहे की."

"हिरवं दिसणारच. हे ठोके धोक्यात धरलेच जात नाहीत. ही खालची ओळ बघा, काल सहा होते, आज चाळीस."

साहेबाने वाकून ओळ वाचली. "पण ते तर दुर्लक्षित आहेत ना, मावशी?"

"दुर्लक्षित आहेत म्हणूनच तर!"

"मग आपण कशाला लक्ष द्यायचं?" साहेब म्हणाला, आणि त्यात त्याला काहीच चुकीचं वाटलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आणि घड्यावर पाणी ओतण्यात मावशीने सगळा जन्म घालवलेला!

ती ओळ तिथे का आहे, ते तिला सांगता आलं असतं. पण सांगितलं की पहिलं नाव चिमणीचं निघणार. तिने चिमणीला फोन लावला. त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

"मावशी!" चिमणी इतकी आनंदाने ओरडली, की मावशीला काय बोलायचं ते आठवायला वेळ लागला. मग तिने सांगितलं.

"ते काढायचं तर मला परवानगी मागावी लागेल," चिमणी म्हणाली. "मग विचारतील, घातलं कुणी. मावशी, तिथलं काम बंद झालंय. मी आता दुसऱ्या इमारतीवर आहे."

"तिथे कोण आहे तळघरात?"

"तिघं आहेत. चांगली माणसं आहेत गं." तिचा आवाज बारीक झाला. "सगळं सांगतात मला."

मावशीने फोन ठेवला. आकडा रोज वाढत गेला. नव्वद. दोनशे बारा. चारशे साठ. ती रोज साहेबाला कागदावर लिहून द्यायची, आणि कागदाची नक्कल ठेवायची, आणि एवढ्याने काही होणार नाही हे तिला माहीत होतं. पंप भिंतीतून तिला हाका मारत होता आणि तिच्या हातात त्याची किल्ली नव्हती.

एका गुरुवारी दुपारी तो थांबला. जळका वास तळमजल्यापर्यंत आला. बारा मजले दीड दिवस कोरडे. मावशीला वाटलं, आता तरी! आता तरी विचारतील, कसं झालं, कुणाला माहीत होतं. तिने सगळ्या नकला टेबलावर काढून ठेवल्या, तारखेप्रमाणे.

कुणी विचारलं नाही. पंप बंद पडताच सिस्टिमने आपोआप विक्रेत्याला निरोप पाठवला होता. (तिसरी गोष्ट.) शनिवारी नवा पंप आला. साहेबाने अहवालात लिहिलं, जुना पंप, वय झालं होतं. मग टेबलावरचे कागद बघून म्हणाला, "मावशी, हे पसरू नका इथे, लोक येतात."

नवा पंप इतका गुपचूप चालायचा, की स्क्रू ड्रायव्हर असता तरी काही ऐकू आलं नसतं.

सोमवारी चार वाजता मावशीने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. खुर्ची वळवली. पाइपवर एक ठोका दिला. एकच. मग कान लावून उभी राहिली. पाइपमधून पाणी वर चाललं होतं, बाराव्या मजल्यापर्यंत, गच्चीपर्यंत. त्याचा सळसळाट सोडून काही नाही. तळघरात चार खोल्या होत्या, चारही बंद.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. काचेपलीकडून जाणाऱ्या कुणीतरी तिला बघितलं आणि वाटलं असेल, मावशींचं डोकं दुखतंय, भिंतीला टेकवलंय.

मग ती खुर्चीवर येऊन बसली. बाराही मजले हिरवे होते. दुर्लक्षित ठोके: १.